शिरांची मूळ प्रत

बसा की ओ, उभ्या उभ्या काय ऐकताय. ही गोष्ट बसून ऐकायची हाय. माणसानं कचेरीत कागद नेल्याला तुमी लई बघितला असंल. पण माणूसच कागद म्हणून कचेरीत नेल्याला बघितला न्हाय. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेनं बघितला, ह्याच एकोणतीस सालच्या फेब्रुवारीत, आन मी सोता टांग्याच्या मागनं चालत व्हतो. खोटं निघालं तर चहा माझ्याकडं. खरं निघालं तर बी माझ्याकडंच, तुमी पावणे म्हणून.

तालमीच्या भिंतीला लागून जो दगडी कट्टा हाय, त्यावर ईश्वरप्पा बसतो. तीस वर्सं झाली. मान आखडली, कंबर धरली, पोटरीत वांब आला, खांदा उतरला, की माणूस त्याच्याकडं. तेलाची एक वाटी, एक घोंगडं आन त्याचे दोन अंगठे, एवढंच दुकान. पैलवान त्याच्याकडं, गिरणीत उभं राहून राहून गुडघे गेलेल्या बाया त्याच्याकडं, एकदा तर सावकाराचा घोडा आणला व्हता. घोडा त्यानं परत पाठवला. घोड्याला कुटं दुखतं ते सांगता येत न्हाय, आन सांगायला लागला तर मला ऐकवणार न्हाय, असं म्हणला.

माणूस चांगला, पण बोलण्यात जरा उंच. माणसाच्या आंगात बहात्तर हजार नाड्या, त्यातल्या नऊशे मी नावानिशी वळकतो, असं तो कुणालाबी सांगायचा. आता नऊशे मोजायला कोण बसणार? ज्याची कंबर धरलीय तो मोजत न्हाय, आन ज्याची सुटली तो घरी जातो.

तर एक दिवस कचेरीचा शिपाई कट्ट्यावर कागद घेऊन आला. कुठली कचेरी ते मी सांगत न्हाय, त्यात आजबी माणसं बसत्यात. शिपायानं कागद मोठ्यांदा वाचला. आंग चोळणारे, शिरा बसवणारे, हाडं जोडणारे अशा समद्यांनी, आपण ज्या ज्या शिरांना हात लावतो त्यांची नावं आन जागा लिहून, आठ दिवसांत कचेरीत सादर कराव्यात. डॉक्टरसाहेब तपासतील. जो सादर करणार न्हाय, किंवा ज्याचं ज्ञान अपुरं निघंल, त्याची बैठक उठवण्यात येईल.

बैठक उठवणार म्हंजे कट्टा जाणार. कट्टा गेला तर ईश्वरप्पा कोण? तेलाची वाटी घेऊन हिंडणारा एक म्हातारा. हे त्याला कळलं, आमाला बी कळलं. पण चारचौघांत वाचलेला कागद. तो शिपायाला म्हणला, "आठ दिवस कशाला ठेवलं साहेबांनी? परवा घेऊन जा की."

घरी गेला, बायकोला चंद्रव्वाला सांगितलं, आन शेजारच्या बसवराजला बोलावणं धाडलं. ईश्वरप्पाला लिहिता येत न्हाय. बसवराज गिरणीत कापडाच्या गाठींवर नंबर आन मार्के टाकतो, त्याचं अक्षर गल्लीत सगळ्यांत मोठं. तो पाटी-पेन्सिल घेऊन चुलीपाशी बसला आन म्हणला, सांगा मामा.

ईश्वरप्पानं तोंड उघडलं. घोडशीर म्हणला. मांडशीर म्हणला. मानशीर म्हणला. मंग थांबला. तोंड तसंच उघडं. बसवराज पेन्सिल धरून बसला. चुलीवर आमटी उकळून गेली. ईश्वरप्पाचे अंगठे मांडीवर आपसूक हालत व्हते, पण नाव येईना.

लोक म्हणत्यात तो भ्याला. तो भ्यालेला न्हवता, हे मी सांगतो. त्याची इद्या जिभेत न्हवतीच, ती अंगठ्यात व्हती. त्याच्या गुरूनं त्याला शीर दाखवली ती माणसाच्या आंगावर अंगठा ठेवून, आन नाव सांगितलं ते अंगठा ठेवलेला असताना. अंगठा लागला की नाव तोंडात. अंगठा उचलला की नाव बी गेलं. तीस वर्सं आंग समोर व्हतंच, म्हणून त्याला सोतालाच कधी कळलं न्हाय.

चंद्रव्वाला पहिलं कळलं. ती म्हणली, "मला इचारा भाकरी कशी थापायची, मला सांगता येणार न्हाय. पीठ आणा, थापून दावते. ह्यास्नी कुणाचं तरी आंग आणा."

पहिल्यांदा बसवराजच पालथा झाला. पण लिहिणाराच खाली आन अंगठा वर, पहिल्या दाबालाच पाटी फुटली. मंग गल्लीतली माणसं सल्ला द्यायला आली. कुणी म्हणलं तालमीतला पैलवान घ्या. पैलवान म्हणला, मला कुस्ती हाय, माझ्या शिरा जोडीदाराला कळायला नगंत. सांगोल्याकडची म्हाळसाबाई घोंगड्या विकायला आलेली, ती म्हणली, मेंढरू देते. मेंढराला ज्या शिरा त्याच माणसाला, एखादी शेपटीची ज्यास्त. आन मेंढरू गप पडून राहतं, इतकं तर कुठला माणूस राहणार?

तवा समद्यांची नजर कोपऱ्यात गेली. तितं शिवशरण झोपला व्हता.

शिवशरण म्हंजे चंद्रव्वाचा धाकला भाऊ, अक्कलकोटकडचा. वय बत्तीस. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आला, जत्रा उठली, ह्यो उठला न्हाय. आडवातिडवा गडी, पाठ अशी की तीवर ज्वारी वाळत घालावी. झोपणं ह्या कामाला देवानंच घडवलेला. त्याला उठवून इचारलं. त्यानं एकच अट घातली. दुपारला रोज होळगी पायजे, तूप वाढून. पुरणपोळीला हे लोक होळगी म्हणत्यात. चंद्रव्वानं कबूल केलं, आन शिवशरण घोंगड्यावर पालथा पडला.

आता दुसरी अडचण. अंगठा दाबायचा, नाव निघायचं, बसवराज नव्या पाटीवर लिहायचा, तवर अंगठा पुढं गेलेला. नाव कुठल्या जागंचं ते कळंना. कागदात तर जागा बी मागितलेली. बसवराज दमला. तो म्हणला, मामा, आमी गिरणीत गाठीचा मार्का पाटीवर लिहून ठेवत न्हाय. गाठीवरच टाकतो. गाठ कुटंबी जाऊ दे, नाव तिच्या आंगावर.

हे समद्यांना पटलं. आजबी इचार करतो तर पटतं. बसवराज गेला आन गिरणीतनं शाईचा डबा आन कुंचला घेऊन आला. कुणाच्या डोक्यात आलं न्हाय की ती शाई गाठीची हाय. गाठ आगगाडीतनं जाती, बोटीत चढती, समिंदरातनं दूरदेशी उतरती, तरी मार्का जसाच्या तसा, अशी ती शाई. पण घरात एकच शाई असली की माणूस ती कसली हाय ते इचारत न्हाय.

मंग जे सुरू झालं ते तुमी बघायला पायजे व्हतं. ईश्वरप्पाचा अंगठा टेकला की नाव झऱ्यासारखं. टाचंच्या मागं घोडशीर. कोपराच्या आतल्या बाजूला मुंगीशीर, दाबली की करंगळीपातुर मुंग्या. बरगडीखाली हसरी, तितं शिवशरण खदाखदा हसला. मांडीच्या मागं रडवी. कुल्ल्यापासनं खाली पोटरीपातुर जी कळ जाती तिची आगगाडी. मानेत सासूशीर, ती धरली की मान एकाच बाजूला फिरती आन दुसऱ्या बाजूला बघवत न्हाय. अंगठ्याचा दाब, शिवशरणचं कण्हणं, ईश्वरप्पाचं नाव, बसवराजचा कुंचला. एक लय बसली व्हती.

पण गल्ली गप बसंल तर ती शुक्रवार पेठ कसली. विणकर मल्लेशम दारात उभा. तो म्हणला, आमच्यात मुंगीशिरेला असं म्हणत न्हाईत, आन त्यानं तेलुगूत नाव सांगितलं. दस्तगीर पिंजारी म्हणला, रग बोलते हमारे में, ते बी लिवा. चंद्रव्वाच्या मावशीनं कानडीतलं सांगितलं, आन तिच्या गावात तिलाच वेगळं म्हणत्यात ते बी सांगितलं. ईश्वरप्पाला वाटलं, नऊशे म्हणालोय, येऊ देत. म्हणून एकेका शिरेपाशी चार चार नावं पडली. माकडहाडापाशी म्हाळसाबाई अडून बसली की शेपटीची शीर लिहायचीच. ईश्वरप्पा म्हणला, माणसाला शेपूट न्हाय. ती म्हणली, शेपूट न्हाय, पण शीर हाय, एकदा आपटा आन बघा. दोन दिवसांनी मोजलं तर दोनशे अकरा भरली. उरलेल्या नावांचं काय, असं कुणी इचारलं न्हाय. शिवशरणवर जागाच उरली न्हवती.

बसवराजनं मंग ते समदं बघून बघून कागदावर उतरवलं, आन ईश्वरप्पा पागोटं बांधून कचेरीत गेला. तितं एक हेडकारकून, सडपातळ, नाकावर चष्मा. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आन इचारलं, ही यादी सुरुवातीपासनं ह्याच कागदावर लिहिली का? ईश्वरप्पा खरं बोलणारा. म्हणला, न्हाय, दुसरीकडं लिहिली, तितनं उतरवली.

"म्हणजे ही नक्कल झाली," कारकून म्हणाला. "नक्कल चालत नाही. मूळ कुठं आहे?"

"मूळ घरी झोपलंय."

कारकुनानं वर बघितलं न्हाय. असलं बोलणं तो रोज ऐकतो. उद्या मूळ प्रत हजर करा, नकलेशी ताडून बघू, एवढं बोलून त्यानं कागद बाजूला सरकवला. वर असं बी सांगितलं, की उद्या शेवटची तारीख हाय.

म्हणून दुसऱ्या दिवशी शिवशरणला टांग्यात घातला. वरनं घोंगडं. टांग्यात ईश्वरप्पा आन बसवराज, मागनं चालत मी, मल्लेशम, दस्तगीर, आन हातात होळगीचा डबा घेऊन चंद्रव्वा, कारण दुपार तितंच व्हणार व्हती. वाटेत लोक इचारायचे, कुणाला काय झालं? मल्लेशम सांगायचा, काय न्हाय, कागद न्यायलोय.

कचेरीत घोंगडं काढलं. हेडकारकुनानं पहिल्यांदा चष्मा काढला, पुसला, परत घातला. तुमी म्हणाल तो हसला असंल, नाहीतर वरडला असंल. तसला माणूस न्हाय तो. त्याच्या कायद्यात मूळ प्रत कशावर असावी असं कुटं लिहिलेलं न्हवतं. त्यानं दोन कारकून बोलावले. एक कागदावरनं नाव वाचायचा, दुसरा शिवशरणभवती हिंडून ते नाव हुडकायचा आन "बरोबर" म्हणायचा. वाकवून, वळवून, हात वर करून, दोनशे अकरा नावं ताडली. डाव्या मांडीवर एक नाव खोडलेलं निघालं. खोडलंय तितं लिहिणाऱ्याची सही पायजे. बसवराजनं मांडीवर सही केली. मंग आवक नंबर. पोटावर बेंबीच्या उजव्या बाजूला मोकळी जागा व्हती, तितं शिक्का मारला. शिक्का गार व्हता, शिवशरणनं फक्त पोट आत घेतलं.

आन मंग कारकून म्हणाला, मूळ प्रत दप्तरात जमा करा.

आमाला वाटलं सही झाली, सुटलो. पण न्हाय. मूळ दप्तरात ऱ्हायचं, नक्कल अर्जदाराला मिळायची, असा रिवाज. शिवशरणला दप्तरखान्यात नेऊन कागदांच्या बासनांच्या मधी बसवला. तितं गार व्हतं, धुळीचा मऊ वास व्हता, आन कुणी काम सांगत न्हवतं. त्यानं होळग्या खाल्ल्या आन झोपला. चंद्रव्वा दारात बसली आन कानडीत कारकुनाला जे सांगायचं ते सांगत ऱ्हायली. कारकुनाला कानडी येत न्हवतं, तरी तो हळूहळू दुसऱ्या खोलीत गेला.

चार वाजता डॉक्टरसाहेब आले. पुण्याचे, नवे, तरुण. मान जरा ताठ, आमाला वाटलं गर्व असंल. त्यांच्या हातात छापील पुस्तक, त्यात आपल्या शिरांची समदी नावं लिहिलेली. ज्ञानतंतू, मज्जारज्जू, गृध्रसी. त्यांनी शिवशरणला उजेडात उभा केला आन टाचंपासनं वाचायला लागले. एक तास वाचत व्हते. मधी मधी सोताच्या पुस्तकात बघायचे. आगगाडीपाशी थांबले आन म्हणले, हीच आमची गृध्रसी, पण रोग्याला गृध्रसी झाली असं सांगितलं की तो म्हणतो मी तसला न्हाय हो साहेब. त्यांनी आगगाडी वहीत उतरवून घेतली. मुंगीशीर बी घेतली. माकडहाडापाशी म्हाळसाबाईची शीर बघून ते जरा इचारात पडले, मंग म्हणले, चूक न्हाय.

आमच्या जिवात जीव आला. पण साहेबांनी खुर्ची ओढली, ईश्वरप्पाला समोर बसवला आन म्हणले, हे झालं लिहिलेलं, आता तोंडी सांगा. मानेत मागं उजवीकडं कवटीखाली काय हाय? शिवशरणला बाहेर नेला. म्हणजे कुणी बघून सांगायला नगं.

ईश्वरप्पानं तोंड उघडलं. परत तसंच. अंगठे मांडीवर हालत्यात, नाव न्हाय. पागोट्याखालनं घाम. साहेबांनी दुसरा प्रश्न इचारला, तिसरा इचारला. भिंतीवरचं घड्याळ टकटक करतंय. हेडकारकुनानं दौतीत टाक बुडवला, शेरा मारायला. मी दारातनं बघतोय. तीस वर्सांचा माणूस, आन त्याचा कट्टा त्या टाकाच्या टोकावर आलेला.

तवा ईश्वरप्पा वर बघून म्हणला, "साहेब, तुमी डावीकडं बघत न्हाय. आल्यापासनं एकदाबी न्हाय."

साहेबांनी हात मानेवर नेला. मंग म्हणाले, आठ दिवस झाले.

ईश्वरप्पा उठला. परवानगी इचारली न्हाय, ते त्याच्याकडनं ऱ्हाऊनच गेलं. साहेबांच्या मागं गेला, कॉलर खाली केली, आन दोन अंगठे टेकवले. टेकवले तशी जीभ सुटली. ही मानशीर. ही तिची सवत. ही सासूशीर, हिच्यामुळं वळत न्हाय. ही हितनं खांद्याला जाती, तितनं हाताच्या मधल्या बोटाला, तुमाला लिहिताना ते बोट बधीर व्हतंय का? साहेब व्हय म्हणाले, डोळे मिटून. तेवढ्यात अंगठा एका जागी थांबला आन साहेब कळवळले.

"हिचं नाव काय?"

"हिला नाव न्हाय, साहेब," ईश्वरप्पा म्हणला. "माझ्या गुरूला बी माहीत न्हवतं. दुखली की सापडती, बरी झाली की हरवती." आन दाबली.

कटकन आवाज आला. हेडकारकुनानं टाक खाली ठेवला. साहेबांनी हळूहळू मान डावीकडं वळवली. डावीकडं खिडकी व्हती, खिडकीत लिंबाचं झाड व्हतं. ते लिंबाकडं बराच वेळ बघत बसले. मंग तिकडंच तोंड ठेवून कारकुनाला म्हणाले, मंजूर करा.

मंजूर झालं. ईश्वरप्पा हितंच, तालमीपाशी, कट्ट्यावर बसतो. जाताना बघा पायजे तर. पण परवाना हेडकारकुनानं लिहिलाय, आन तो माणूस आपलं काम सोडत न्हाय. साहेबांनी माणसाला दप्तरात ठेवता येत न्हाय असं सांगितलं, म्हणून त्यानं खाली कलम घातलं. मूळ प्रत अर्जदाराच्या ताब्यात राहील. ती वाचता येईल अशा स्थितीत ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची. दिवाळीत तपासणी. अक्षर पुसलं गेल्यास परवाना रद्द. गिरवल्यास खाडाखोड समजण्यात येईल.

तितनं पुढं त्या घराला चैन न्हाय. शाई पक्की, पण गाठ आंघोळ करत न्हाय ओ. पहिल्याच दिवशी चंद्रव्वानं सवयीनं भावाच्या पाठीला शिकेकाई लावली आन हसरी अर्धी गेली. ईश्वरप्पा त्या दिवशी जेवला न्हाय. पण हे लिंगायत घर, आंघोळीबिगर लिंगपूजा कशी करायची? चन्नवीर स्वामींना बोलावलं. स्वामींनी शिवशरणला पुढनं वाचला, मागनं वाचला, आन सांगितलं की आजारी माणसाला भस्मस्नान चालतं, ह्याला कचेरी लागलीय, तो बी आजारच. मानेच्या वर पाणी, बाकी भस्म.

आन शिवशरण? जो माणूस आंघोळीला हाक मारली की झोपायचा, त्याला आता उठता बसता आंघोळ पायजे. काम सांगावं तर म्हणतो, मी सरकारी कागद हाय, घाम आला तर तुमचंच नुकसान. ईश्वरप्पा त्याला वारा घालतो. साठीचा माणूस, दिवसभर लोकांचं आंग रगडून घरी येतो आन मेहुण्याला पंख्यानं वारा घालतो, का तर मांडशिरेला घाम फुटू नये. आता चैत लागलाय, सोलापूरचं ऊन तुमाला मी काय सांगावं. चार दिवसांमागं तो दुपारचा घरातनं निसटला, तालमीतल्या पोरांनी त्याला तळ्याच्या वाटेतनं धरून आणला. आज दुपारपासनं परत दिसत न्हाय.

तुमी आता सिद्धेश्वराच्या तळ्यावरनंच जाणार न्हवं? मंग एवढं करा. घाटाच्या पायरीवर एक आडवा गडी, मानेपासनं टाचंपातुर काळ्या अक्षरांचा, पाण्याकडं बघत बसलेला दिसला, तर त्याला गोड बोलून घरी धाडा, आज होळगी हाय म्हणून सांगा. आन आधीच उतरला असंल पाण्यात, तर बाहेर काढा, पण माझ्या बाबा, पंच्यानं पुसू नका. तसाच वाऱ्यावर उभा करा, आन वाळू द्या.